बाटली नंबर सात आणि आईचा गुडघा

४ मे, सोमवार. सकाळी ७
पुढच्या सोमवारी पीएचडीचा शेवटचा सेमिनार. दोन मुदतवाढी संपल्या. नाही जमलं तर रजिस्ट्रेशन रद्द, सहा वर्षं पाण्यात. टेन्शन अजिबात नाही. झोप उडते ती कूलरच्या आवाजाने.
निर्धार: रोज आठला लॅबमध्ये.

सायं. ६
अकराला पोचलो. दोन्ही जेल तयार. सात नंबर: भिवापुरी मिरचीतलं तिखट औषध चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, आणि ते फुगे पाणीदार हायड्रोजेलमध्ये. औषधाला दोन कुलपं. तीन दिवस हळूहळू झिरपणार, गुडघेदुखी गप्प. आठ नंबर: तसंच जेल, बिनऔषधाचं, तुलनेसाठी. गाइड सुमंत सर ओरडले, लेबल बाटलीवर लाव, झाकणावर नको. झाकणावर नीट दिसतं! बुडबुडे जावेत म्हणून दोन्ही झाकणं काढून ठेवली, मग लावली.

५ मे
टेस्ट सुरू: सात नंबरमधून किती तासांत किती औषध झिरपतं. ज्युनिअर रितिका म्हणाली, आठ नंबरही सोबत लावा. रिकाम्या जेलमधून काय निघणार, डोंबल? ते घरी आणलं. आईला सांगितलं, नुसता थंडावा आहे, गुडघ्याला लाव बिनधास्त.

६ मे, दु. ३
चोवीस तास. रीडिंग शून्य. एक कण गळला नाही! मागच्या सहा बॅचेस तासाभरात रिकाम्या झाल्या होत्या. रीडिंग पाच वेळा पुन्हा घेतलं. मशीन जुनं आहे म्हणून.
आई म्हणते, गुडघा चुरचुरून राहिला. औषधच नाही तर चुरचुरेल काहून? मनाचे खेळ. समजावलं. ती म्हणाली, गुडघा माझा आहे, तुले काय कळते!

७ मे
शून्यच. रितिका म्हणते, थोडं तरी निघायला हवं ना. जळते, दुसरं काय.
आईची चुरचुर हळूहळू चालूच. दुखणं मात्र पळालं म्हणे. मनाच्या खेळांवर वेगळा पेपर लिहिता येईल. जूनमध्ये.

८ मे
बहात्तर तास. शून्य. स्लाइडवर "स्लो" खोडून "अल्ट्रा स्लो" केलं. रात्री दोनदा उठून स्लाइड तपासली. कूलर फार वाजतो.

१० मे
आई सक्करदऱ्याला वच्छलामावशीकडे तीन जिने चढून गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मला वेळ नाही, स्लाइड्स आहेत.

११ मे, दु. १
परीक्षक मॅडमनी विचारलं, यात औषध आहे कशावरून? मी ऐटीत सात नंबर उघडला आणि बोटभर जेल ओठांना लावलं. थंडगार. पुन्हा लावलं. सगळे बघत होते. सरांनी झाकण हातात घेतलं, उलटसुलट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, दुसरी बाटली कुठे आहे? चमचाभर जेल असलं तरी चालेल, पाचपर्यंत आण, रजिस्ट्रेशन रद्द करणं आठवडाभर थांबवतो.

दु. ३, हुडकेश्वर
ऊन डोक्यावर घेत घरी आलो. उरलेलं सगळं आईने शेजारच्या अंजनाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांना चोळलं. त्याही पळून राहिल्या म्हणे. दुसरी बाटली कधी आणशील, असं विचारायला सांगितलंय त्यांनी.
बाटली आईने घासून ठेवली. आत जिरं आहे. झाकणावर आठ लिहिलंय. अगदी नीट दिसतं.