रोहिणीबद्दलचा माझा शेरा

सिल्वासा, रविवार

ती. कुसुमताईस,

सुधाकरचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनाने, कंबर धरून आज नववा दिवस.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींनी चहातली साखर खरंच सोडली, की फक्त तुझ्यासमोर सोडली? आमच्याकडे सगळं ठीक म्हणावं, तर अलका स्वयंपाकघरात भांडी आपटून तसं नसल्याचं कळवते आहे.

रोहिणीच्या त्या दक्षिणेतल्या विज्ञान संस्थेचं तुला फोनवर अर्धवट सांगितलं होतं. जागा साठ, अर्ज बावीस हजार. पोरीने दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला, लेखी परीक्षा पार केली, आणि मग संस्थेने वर्गशिक्षकाचं शिफारसपत्र मागवलं. बारावीचा वर्गशिक्षक मी. मोठ्या बाईंना (म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना) म्हटलं, बाई, मुलगी माझी आहे, दुसऱ्या कुणाला सांगा. त्या म्हणाल्या, नातं लिहून टाका आणि खरं ते लिहा, म्हणजे झालं. ताई, 'खरं ते लिहा' हे मला कुणी सांगू नये. सव्वीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहितोय, 'समाधानकारक'च्या वर माझं पेन कधी चढलेलं नाही. शाळेची सहल वासोण्याला गेली तेव्हा जाळीच्या गाडीतून सिंह बघून मी 'ठीक आहे' म्हणालो, हे मुलं अजून एकमेकांना सांगतात.

तर लिहिलं. गुणांच्या रकान्यात दीड ओळ. उणिवांना जागा पुरेना म्हणून पुरवणी जोडली. हट्टी आहे. पाणी किती अंशांवर उकळतं विचारलं, तर आधी 'कुठे?' असं विचारते. पुस्तकातलं उत्तर चुकलंय असं वाटलं की घंटा होईपर्यंत वाद घालते. प्रयोगाचे आकडे जुळले नाहीत, तर चार मुलांसारखे जुळवून घेत नाही, डबा न खाता पुन्हा पहिल्यापासून करते. लेखी परीक्षेनंतर उरलेल्यांतून कुणाला गाळावं या काळजीत जो कोणी बसला असेल, त्याची मी चांगलीच सोय करून दिली.

एवढ्यावर भागलं असतं. पण शाळेच्या मेलवर जे येईल ते छापून सूचनाफलकावर लावायचं, असा मोठ्या बाईंचा नियम आहे (मागे एका स्पर्धेची तारीख हुकली, तेव्हापासून). संस्थेने पोच म्हणून माझं अख्खं पत्रच उलट पाठवलं. आमचा शिपाई गोकुळ धुळ्याकडचा, नियमाचा पक्का. "सर, मेल उना, बोर्डवर लाई दिना," असं त्याने मला आनंदाने सांगितलं, तोवर मधली सुट्टी संपली होती आणि सायलीहून येणाऱ्या मुलांपासून बालवाडीच्या बाईंपर्यंत सगळ्यांचं वाचून झालं होतं.

रोहिणी घरी येऊन एवढंच बोलली, "पप्पा, हर्षललासुद्धा तुम्ही समाधानकारक दिलंत. हर्षलला! लॅबचा पडदा जाळलाय त्याने, यार." त्यानंतर अकरा दिवस अबोला. मी समोर बसलेला असताना 'पप्पांना सांग, जेवण वाढलंय' असं आईला सांगते. मधे संगणकावर मुलाखत झाली. मी दाराबाहेर उभा होतो (कंबर तिथेच धरली). आतून चाळीस मिनिटं तिचा वाद घालण्याचा आवाज येत होता, तेव्हा संपलंच म्हणायचं. निकाल या आठवड्यात आहे. पोरीच्या दोन वर्षांची माती झाली, तर ती माझ्या हाताने झाली. तत्त्वाचा माणूस म्हणून मिरवण्याचा आता कंटाळा आलाय, ताई. तू तेवढा देवापुढे दिवा लाव.

तुझा,
सुधाकर

ता. क. (बुधवार) : पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. रोहिणीची निवड झाली! मुलाखतीत त्यांनी माझी पुरवणीच समोर ठेवली होती म्हणे, आणि पाणी कुठे कसं उकळतं यावरच अर्धा तास गेला. रोहिणी गळ्यात पडून म्हणाली, "पप्पा, तुम्ही मुद्दाम तसं लिहिलंत ना? त्यांना कशी मुलं हवीत ते तुम्हाला माहीत होतं ना?" मी हो म्हणालो. आता स्टाफरूममध्ये मला फार दूरदृष्टीचा समजतात. तीन पालक आपापल्या मुलांच्या उणिवा लिहून घ्यायला येऊन गेले.

ता. क. दुसरा : मुद्दाम लिहिलं होतं, हे खरं आहे. तत्त्वबित्त्व काही नव्हतं. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, वापीहून दीड दिवसाची गाडी. ती गेली की संध्याकाळी माझ्याशी वाद कोण घालणार, या एका विचाराने लिहिलं, की त्यांनी तिला घेऊ नये. अलकालाही सांगितलेलं नाही. फार लाज वाटते, ताई.

ता. क. शेवटचा : जाण्याआधी ती आठ दिवस तुझ्याकडे येते आहे. मी तुझ्यापासून काही लपवत नाही हे तिला ठाऊक आहे, तेव्हा ती विचारणारच. तू खोटं बोल. हे पत्र फाडून टाक. आणि सहज विचारल्यासारखं करून तिला विचार, दिवाळीला घरी येणार का. मला विचारायचा धीर होत नाही.