शिराजच्या धर्तीची खिडकी

मुसफ्फा, अबुधाबी

मैमुना,
सलाम. घरी सगळे बरे असाल.

दोन महिन्यांत मी माझ्या हातांनी केलं ते असं: साडेसात फुटी जाळीची खिडकी, तिच्या दोन झडपा, आणि रंगीत काचेचे चारशे बारा तुकडे कापून बसवले. खिळा एकही नाही.

काम खलिफा सिटीतल्या एका शेटच्या व्हिलाचं. नमुने बघायला त्यानेच चार दिवस इराणात शिराजला पाठवलं. तिथल्या बागा दोरी लावून आखल्यासारख्या, मधोमध पाण्याचा पाट, बाजूला नारिंगाची झाडं. जुन्या राजवाड्याच्या अवशेषांत दगडाला दगड माशाच्या शेपटीसारख्या खाचेने जोडलाय, आम्ही फळ्या जोडतो तसा. गाईड शिकलेला, पण त्याला ती खाच मीच दाखवली.

गुडघा ठीक आहे, तेल लावतो. आपल्या कशफचा पेपर कसा गेला?

चौकटीच्या आतून मी नेहमीसारखं नाव आणि साल कोरलं. शेट म्हणाला, "मिस्त्री, ये घिस डालो. मेहमानों को बोलेंगे, शिराज से लाया, दो सौ साल पुराना."

मी म्हटलं, "शेट, दो सौ साल का तो मैं भी नहीं दिखता."

तुझा भाऊ युसुफ फोनवर मला वेडा म्हणेल. शेट देत होता त्या पैशांत ईदला कायमचा घरी आलो असतो, हे खरं. आता अजून दोन वर्षं. रागावलीस तर तसं कळव.

नाव घासायचे तो वेगळे चाळीस हजार दिरहम देत होता, म्हणजे साडेनऊ लाख रुपये. मी नको म्हटलं.

तुझा,
अश्फाक