खुंटीवरचं जुनेर

आज्जी, आपली म्हैस काल गेली. मेली नाही, विकली. हे आधीच सांगतो, कारण तू असतीस तर अर्धं वाक्य ऐकूनच कपाळाला हात लावून खाली बसली असतीस. आजऱ्याकडचा एक शेतकरी आणि त्याची बायको येऊन घेऊन गेले. टेम्पो आपल्या बोळात येत नाही, म्हणून तिला रस्त्यापर्यंत चालवत न्यावं लागलं. दावं माझ्याच हातात होतं. आता गोठा रिकामा आहे आणि मी तू बसायचीस त्या दगडी कट्ट्यावर बसून हे लिहितोय. आधी पेन्सिलीनं कच्चं लिहितो, मग त्याच्यावरून पेन फिरवतो. तुला वाचता येत नव्हतं, तरी तुला लिहिताना चूक होऊ नये असं वाटतं.

ही म्हैस तू बघितलेली नाहीस. तुझ्या म्हशीचीच ती रेडी, पण तू गेल्यानंतरच्या वेताची. तुझी म्हैस मला अजून जशीच्या तशी दिसते. एक शिंग वाकडं, कपाळावर पांढरा ठिपका. तिचं रेडकू जन्मतःच मेलं तेव्हा सगळे म्हणाले, आता ही पान्हा सोडायची नाही. तू मात्र तिच्या शेजारी ठाण मांडून बसलीस. तिच्या पाठीवरून हात फिरवत होतीस, सरकी पेंडीचं घमेलं पुढं धरत होतीस आणि सारखी बोलत होतीस. आई गेल्यापासून मला तूच वाढवलंस, पण माझ्याशी तू जेवढं बोलली नसशील तेवढं त्या म्हशीशी बोललीस. माहेरच्या आजऱ्याच्या भाताचा वास कसा घरभर सुटायचा, इथं उचगावात उसाच्या घरात येऊन पडल्यावर पहिली काही वर्षं तोंडात घासच कसा फिरायचा, आज्जा कसा शब्दानं कधी बोलला नाही, सगळं तिला माहीत होतं. दुपारची भाकरीसुद्धा तू ताटलीत घेऊन गोठ्यात जायचीस. मी एकदा विचारलं होतं, घरात का जेवत नाहीस. तू म्हणालीस, "घरात एकटीनं गिळवत न्हाय बाबा." मी घरातच होतो, आज्जी. दहावीचं पुस्तक पुढं घेऊन बसलो होतो.

त्या दहावीला मी नापास झालो. निकाल लागला त्या दिवशी मी गोठ्यातच वैरणीच्या मागं जाऊन बसलो होतो. तू धार काढायला आलीस, मला बघितलंस आणि चरवी घेऊन म्हशीखाली बसलीस. चरवीत धारेचा आवाज सुरू झाला. मग म्हशीच्या पोटाला डोकं टेकवलेलं तसंच ठेवून म्हणालीस, "ही कितवी पास हाय रं?" मी नाक पुसलं. "न्हाय न्हवं? दूध देतीया की. मग तू का मुसमुसालायस?" मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. पुढच्या आठवड्यात तू मला शाहूपुरीत नेलंस. तिथं एका पेंटरच्या घरी तुझ्या दुधाचा रतीब होता. दुधाची बरणी त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून तू त्यांना म्हणालीस, "पोराचं अक्षर मोत्यासारखं हाय. घ्या की दुकानात." माझं अक्षर कसं आहे ते तुला कसं कळलं, हे मी कधी विचारलं नाही. मी अजून त्याच दुकानात पाट्या रंगवतो. आता फ्लेक्सचे बोर्ड निघालेत, काम कमी झालंय, पण गाड्यांचे नंबर आणि दुकानांची नावं अजून मिळतात.

पेंटरकडं मी जरा रुळलो आणि तू गेलीस. आजारपण नाही, काही नाही. सकाळी उसाला पाणी सोडून आलीस, छातीत दुखतंय म्हणालीस आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. रक्षाविसर्जनाला आम्ही नदीवर निवद ठेवला आणि कावळ्याची वाट बघत लांब जाऊन उभे राहिलो. आता तासभर तरी थांबावं लागणार असं मी धरून चाललो होतो. आपल्यात माणसाचा जीव कशात अडकला असेल तर कावळा शिवत नाही, मग घरचे एकेक कबूल करत जातात. मी मनात तयारी करून उभा होतो. माझं नाव घेतील, पोराला नीट सांभाळू म्हणतील, मग कावळा खाली येईल. पण आम्ही पाठ फिरवली न फिरवली तोवर कावळा शिवला. लोकांना बरं वाटलं. "म्हातारी सुटली. कशात जीव न्हवता तिचा," असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी मान हलवली. मी चपला शोधत होतो. कशातच नव्हता? हे मी तेव्हापासून स्वतःला विचारत आलोय. तुला विचारायचं म्हणूनच हे लिहायला घेतलं असेल कदाचित.

तुझी म्हैस मात्र अडकली. तू गेलीस त्या दिवसापासून तिनं दूध चोरलं, पान्हाच सोडेना. आबांनी, तुझ्या लेकानं, बसून बघितलं, लाथ खाल्ली. मी बसलो, चरवी पालथी झाली. शेजारची मावशी बसली, तिच्याकडं तर म्हशीनं मान वळवूनही बघितलं नाही. कास दगडासारखी होत चालली. आबा फौंड्रीतून दमून यायचे, त्यात हे. त्यांनी बाजाराच्या दिवशी तिला न्यायचं ठरवलं. आटलेली, मारकी म्हैस बाजारात कोण कशाला घेतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तेव्हा मावशीच म्हणाली, "आरं, म्हातारीचं लुगडं घे की अंगावर. जनावराला वास कळतोय." तुझी लुगडी तर रिवाजाप्रमाणे देऊन टाकली होती. पण गोठ्यातल्या खुंटीवर तू धारेच्या वेळी पांघरायचीस ते हिरवं जुनेर तसंच लटकत होतं. शेणामुताच्या त्या फडक्याला तुझ्या कपड्यांत कोणी धरलंच नव्हतं. संध्याकाळी बोळातून कोणी येत नाही ना ते बघून मी ते डोक्यावरून घेतलं, पदर खोचावा तसा कमरेला खोचला आणि बसलो. म्हशीनं हुंगलं. कान हलवले. पण पान्हा सोडेना. मग मला आठवलं की तू बोलायचीस. मला म्हशीशी काय बोलायचं ते येईना, म्हणून मी तुझंच बोललो. "बाय माजी, दे गं. आजऱ्याचा भात घालतो तुला." आवाज तुझ्यासारखा बारीक काढला. माझा मलाच लाजिरवाणा वाटला. आणि सड हाताला ओले लागले. पहिली धार चरवीच्या तळाला वाजली तशी मला रडू फुटलं, पण हात थांबवले नाहीत. थांबवले तर ती परत चोरेल अशी भीती होती.

तेवढ्यात मागं सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला. आबा पाळीवरून आले होते. गोठ्यात अंधूक उजेड होता आणि त्यांना पाठमोरं फक्त हिरवं लुगडं दिसलं असेल. ते म्हणाले, "आये." एवढंच. मी वळलो नाही. वळलो असतो तर त्यांना माझं तोंड दिसलं असतं. जरा वेळानं त्यांची पावलं घरात गेल्याचं ऐकू आलं. त्यावर आम्ही आजपर्यंत कधी बोललेलो नाही, पण म्हैस बाजारात गेली नाही.

ती पुढं बरीच वर्षं राहिली आणि दावणीलाच गेली. नंतर तिच्या या रेडीच्या धारेलाही मी पहिल्या वेतापासून तेच जुनेर पांघरून बसलो. बोळातल्या पोरांना ते कळायला वेळ लागला नाही. मी कामावर निघालो की कट्ट्यावरून हाळी यायची, "काय वैनी, दूध घालाय निघालासा व्हय?" मी मान खाली घालून सायकल मारायचो. मला एक मुलगी सांगून आली होती, त्या पाहुण्यांच्याही कानावर हे गेलं, असं मावशी म्हणते. खरं असेल किंवा नसेलही. यंदा आबा म्हणाले, "गोठा पाडू. दोन खोल्या काढू. तुझं कायतरी व्हाय पायजे." मी हो म्हणालो. आबांना नाही म्हणायला माझ्याकडं सांगण्यासारखं कारण नव्हतं. कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

काल ते नवराबायको आले. म्हशीचे दात बघितले, कास बघितली. त्यानं विचारलं, "पावणं, काय खोड-बीड हाय का?" मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "खोड न्हाय, पर ह्यो आज्जीचं लुगडं पांघरून बसतोय, तवाच देती." मी खुंटीवरून जुनेर काढून हातात धरलंच होतं. त्या बाईला देण्यासाठी. विचार केला होता की म्हशीबरोबर तेही द्यावं लागेल आणि द्यायचं. ती बाई हसली. "बघू तर," म्हणाली. तुझ्याच वयाची, म्हणजे तू गेलीस त्या वयाची. तुझ्यासारखेच हेल काढून बोलत होती. तिनं पदर खोचला, पाण्याचा हबका मारून कास धुतली आणि बसली. म्हशीनं एकदा मागं वळून बघितलं. मग धार चालू झाली. चरवीवर फेस आला. मी जुनेर घेऊन तिथंच उभा होतो.

कावळा शिवला तेव्हा वाटलं होतं, अगदी तसंच वाटलं. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. धार काढता काढता ती बाई म्हणाली, "आसं का बघालायस? तुज्यावर माया न्हाय म्हणून देती व्हय ती? भ्यालेलं जनावर देत न्हाय रं. हिला कुणी कधी मारल्यालं न्हाय, म्हणून देती." नवरा म्हणाला, "तू धार काढ, शाणपण नगो." ती म्हणाली, "तुमीच घ्या की शिकून, देतीया का बघू तुमाला." आबासुद्धा हसले. मग तिनं चरवी माझ्या पुढं केली, नेमकी तू करायचीस तशी, वरचा फेस मला प्यायला म्हणून. मी प्यालो. आता मोठा माणूस आहे मी, पण प्यालो.

तिचं बोलणं कालपासून डोक्यात आहे. तू गेल्यावर तुझा जीव कशातच अडकला नाही, ते माझ्याबद्दल तुला धास्ती उरली नव्हती म्हणून असेल का? मला शाहूपुरीत त्या उंबऱ्यावर सोडून आलीस तेव्हाच तुझं झालं असेल का? तसं असेल तर बरं. पण मला अजून नक्की माहीत नाही आणि आता विचारायला म्हैसही नाही.

उद्या गवंडी येणार आहे. त्याआधी खुंटी उपटून ठेवायची आहे. हे लिहिलेलं मी जुनेराच्या घडीत ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं टाकणार? आणि एक आहे, जे आबांना, मावशीला, काल त्या बाईलाही सांगितलं नाही. या म्हशीच्या पहिल्याच वेताला एकदा गडबडीत मी जुनेर घ्यायचं विसरलो होतो. तिनं नुसत्या शर्टावर चरवी भरून दूध दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी खुंटीवरून ते काढलं, डोक्यावरून घेतलं, नीट खोचलं आणि मग बसलो.