शेवटची वीतभर

४ फेब्रुवारी, मंगळवार

अपमान! तोही भर जेवणात. ही म्हणाली, "ताईकडे जाईन, पण टॅक्सीने. तुमच्या गाडीत नाही."

तीस वर्षं गाडी चालवतोय. वजनमापे खात्यात होतो तेव्हा गावोगाव फिरलो, दुकानदारांचे तराजू तपासत. गाडीला एक ओरखडा नाही! आणि आता टॅक्सी. ताटावरून उठलो. तासाभराने गुपचूप जेवलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

राग उतरला, म्हणून नीट लिहितो. हिच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. डॉक्टर म्हणतात, प्रवास करा, फक्त धक्के नकोत. गेल्या महिन्यात तपासणीला मीच नेलं होतं. येताना हिचा चेहरा पांढराफटक. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी रस्त्यांना शिव्या दिल्या.

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. आई लवकर गेली, हिला वाढवलं ताईंनीच. दीड तासावर राहतात. वर्षभरात त्यांची आठवण विरत चाललीय. परवा भाचेसुनेचा फोन आला — "मावशी, लवकर येऊन जा. काल मलाच विचारलं, तुम्ही कोण म्हणून. 'चिमी कधी येणार' हे मात्र अजून विचारतात." चिमी म्हणजे ही. तेव्हापासून हिला चैन नाही.

पण टॅक्सीवाले तरी काय फुलासारखं नेणार आहेत?

९ फेब्रुवारी, रविवार

हॉस्पिटलच्या फाटकाशी 'अलगद' भेटला. अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. हाडं मोडलेल्या पेशंटांनीच हे नाव पाडलंय. ऑपरेशननंतर हिला यानेच घरी सोडलं, आणि ही वाटेत चक्क डुलक्या काढत होती! मान खाली घालून विचारलं, "शिकवाल का मला?"

"शिकवतो की. पण साहेब, मी पुढे बसणार नाही."

११ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्यामागचा मोकळा रस्ता. अलगद मागच्या सीटवर आडवा, गुडघे दुमडून, डोळे मिटून. "मी पेशंट. कंबर मोडलीय. चला."

क्लच सोडला — "आई गं!" दुसरा गिअर — "मेलो!" ब्रेक — "अहो, मारता का काय!" साठीला आलेला माणूस असा कण्हत होता की कोपऱ्यावरच्या भाजीवालीने येऊन आत डोकावलं. मी घामाने निथळलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

"मेलो" — एकवीस वेळा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज उलटा कारभार. मला मागे आडवं केलं, डोळ्यांवर रुमाल टाकला. आधी त्याने त्याच्या पद्धतीने चालवली. गाडी कधी थांबली तेच कळलं नाही. मग म्हणाला, "आता साहेबांसारखी."

बाप रे! प्रत्येक गिअरला डोकं दारावर. ब्रेक मारला की अंग पुढे जातं आणि गाडी थांबली की मागे आपटतं. तो मागचा दणका सगळ्यात वाईट. माझी पाठ धडधाकट, तरी दहा मिनिटांत म्हणालो, बस करा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

युक्ती अशी. ब्रेक लांबूनच हळूहळू दाबत यायचं, आणि गाडी ऐन थांबायला आली, शेवटची वीतभर राहिली, की पाय किंचित सैल करायचा. मी जन्मभर नेमका तिथेच जास्त दाबत आलो! क्लचही तडकन सोडायचा नाही. इंजिन धरतं ते तळव्याला कळतं, तिथे क्षणभर दम धरायचा. खालचा गिअर टाकताना आधी हलकासा अ‍ॅक्सिलरेटर.

सांगायला सोपं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, माझ्या उजव्या पायाची तीच गत. "मेलो" आज नऊवर.

२३ फेब्रुवारी, रविवार

अलगद आज पहिल्यांदा पुढे, माझ्या शेजारी बसला. बसल्या बसल्या खाली वाकून बघायला लागला. "इथे कोण बसतं?"

"बायको."

त्याने नुसतं बोट दाखवलं. पायाखालच्या रबरी मॅटला, उजवा पाय येतो तिथे, खळगा पडलाय. पार झिजून भोक पडायला आलंय. त्या बाजूला ना ब्रेक, ना क्लच.

चौदा वर्षं ही गाडी आहे. चौदा वर्षं ही माझ्या शेजारी बसून ब्रेक दाबत होती. मला तराजूतला गुंजभर फरक दिसायचा, आणि हे दिसलं नाही. लाज वाटली. फार लाज वाटली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मला हिला काहीतरी सांगायचं होतं. "चहा टाकू का?" एवढंच विचारलं.

१ मार्च, शनिवार

पूर्ण फेरी, स्पीडब्रेकरसकट. मागून हूं नाही की चूं नाही. मलाच काळजी. "झोपलात का?"

"नाही साहेब. पेशंट बरा झाला."

घरी येऊन हिला म्हणालो, "कोपऱ्यापर्यंत चल. नाही पटलं तर टॅक्सी." कोपऱ्यापर्यंत गेलो, मग तळ्यापर्यंत. जाताना हिचा उजवा पाय ताठ होता. येताना बघतो तर चपला काढून पाय जवळ घेतलेले! उतरताना म्हणाली, "रोज कुठे जात होता, ते माहीत होतं मला. भाजीवाली सांगत होती, तुमच्या गाडीत कुणीतरी ओरडत असतं म्हणून."

मला वाटलं होतं, मी फार लपवून केलं.

८ मार्च, शनिवार, ताईंच्या घरी

दीड तास. हिने एकदाही ओठ आवळले नाहीत. मी मनातल्या मनात अलगदला नमस्कार केला.

ताई पायरीवरच बसल्या होत्या. हिच्याकडे बघून हसल्या — नव्या पाहुण्याकडे बघून हसतात तशा. "या, या. कुणाकडे आलात?"

"ताई, मी चिमी."

"चिमी माझी धाकटी. ती यायचीय अजून."

ही त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. उशीर झाला होता. महिनाभर मी क्लच न् ब्रेक घोटत बसलो! त्याच दिवशी टॅक्सीने आली असती तर कदाचित... माझ्या मानापमानापायी.

संध्याकाळी दोघींना मागे बसवून फेरी मारली. ताई खूष! हिच्या कानात म्हणाल्या, पण मला ऐकू येईल अशा बेताने, "तुमचा ड्रायव्हर चांगला आहे हो. आमच्या चिमीच्या नवऱ्याला दाखवा कुणीतरी. मेला गाडी चालवतो की कांडण करतो! पोर बोलत नाही कधी, पण मला कळतं ना."

आरशात ही दिसली. हसू आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदमच.

९ मार्च, रविवार

सकाळी परत फेरी. रस्ता रिकामा. हिने मागून माझ्या खांद्याला हात लावला. "अहो, एकदा ब्रेक मारा. पूर्वीसारखा."

"अगं, तुझी पाठ—"

"उशी आहे पाठीशी. मारा."

मारला.

ताईंचा हात झटकन हिच्या छातीपुढे आडवा आला. "चिमे! लागलं का गं तुला? कितीदा सांगितलं तुझ्या नवऱ्याला!"

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मागे दोघी बहिणी मला शिव्या घालत बसल्या होत्या.