दातांच्या तारा आणि घरोघरच्या गोळ्या

शिरूर अनंतपाळ, मे २०१६

आदरणीय कस्तुरामावशी,

सप्रेम जय भीम. तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला धर्माबादच्या मिरचीनं वाढला नसेल, अशी आशा करते. इकडं लातूरला पाणी रेल्वेनं येऊन राहिलंय, आमच्या गल्लीत टँकर येतो, तोही त्याच्या मनात आलं तर. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण तोंड उघडवत नाही.

मी लातूरला जाऊन दातांना तारा बसवल्या. (वय अठ्ठावीस. हाव, या वयातही बसवतात.) बसवताना काही वाटलं नाही, पण परतताना एसटीचा प्रत्येक खड्डा दाढेपर्यंत पोचला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दुखलं तर काही खाऊन पॅरासिटामॉल घ्या, मऊ खा, मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करा. गुळण्यांवरूनच घरात भांडण पेटलं. "घागरीसाठी मी उन्हात उभी, आन् तू पाणी थुकून राहिलीस?" असं म्हणत आईनं माझ्यापुढं बादली ठेवली आणि त्या पाण्यानं मोरी धुतली.

मी खिचडी खाऊन गोळी घेतली. ती लागू पडायच्या आधीच आई सर्दीची गोळी घेऊन आली, आणि शेजारच्या पारूबाई स्वतःची गुडघ्याची. मी पाकिटावरचं बारीक वाचलं, तर सर्दीच्या गोळीतही तेच पॅरासिटामॉल! म्हणजे नकळत दुप्पट डोस झाला असता. गुडघ्याची तर पारूबाईंच्या डॉक्टरनं त्यांच्यापुरती दिलेली. दोन्ही परत केल्या. "आमची गोळी लई हलकी वाटली का?" म्हणून पारूबाई रुसल्या त्या रुसल्याच.

त्यातच चहाला आलेले अमृतरावकाका बाबांना समजावत होते, उदगीर जिल्हा झाला की आपल्या तालुक्यानं तिकडं जावं. (अजून झाला नाही, पण काकांनी कलेक्टर कुठं बसणार तेही ठरवलंय.) "तूच सांग, जावं का न्हाई?" त्यांनी मला विचारलं, नेमकी तेव्हाच कळ आली आणि मान जोरात आडवी हलली. काका चहा न पिताच उठले. बाबा मात्र खूश.

सगळ्यांना जय भीम सांग.

तुझी,
तारामती

ता. क. : तू सुचवलेल्या नांदेडच्या स्थळाला नकार कळवायचा आहे. तारांचं कळल्यावर त्या मुलानं आपल्या आईला नाही, माझ्या आईला फोन करून विचारलं, लग्नाच्या फोटोपर्यंत निघतील का? दुखतंय का, हे विचारलं नाही. आईला तूच समजाव. मला बोलवत नाही.

आणखी एक : ठणका परवाच थांबला. आईला सांगू नकोस.