ह्यांचा टाक

२६ जानेवारी
शाळेत झेंडावंदन. स्टेजवर हुतात्म्यांच्या फोटोंची ओळ, शेवटचा फोटो ह्यांचा! वर आपल्याच मळ्यातल्या झेंडूचा हार. सरळ वर चढले, फोटो खाली उतरवून घेतला. हेडसर मागे मागे, "वहिनी, गावाच्या भावना समजून घ्या." आणि माझ्या? सीमेवर बर्फाचा कडा कोसळला तेव्हापासून हे बेपत्ता आहेत. पलटणीनेही तोच शब्द वापरलाय. गावाला भारी घाई.

४ फेब्रु.
सासूबाईंना परत तेच स्वप्न. हे ओल्या कपड्यांनी ओट्यावर उभे, आत या म्हटलं तर म्हणतात, बसायला जागा कुठंय. आता त्यांनी धरूनच ठेवलंय, धुळवडीला ह्यांचा चांदीचा टाक करून वीर काढायचा. "माह्या लेकाला देवघरात बसवू दे गं." आई, टाक गेलेल्या माणसाचा करतात, म्हटलं. त्या देवघरातली जागा पुसायला लागल्या. आधी राग आला. मग वाटलं, आईच्या जिवाला काही कळत असेल तर...

११ फेब्रु.
आईंबरोबर सराफ बाजारात गेले, एकट्या कशा जाणार. कारागीर चांदीच्या पत्र्यावर वीर ठोकून देतो. घोडा, हातात तलवार. सगळ्यांचे खापरपणजे तसेच. आईंना घोडा नको. "बंदूक काढ दादा. अन् लोकरीची टोपी. तिकडं थंडी लय हाय."
मिशा होत्या का, त्याने विचारलं. होत्या, आई म्हणाल्या. आहेत, मी म्हटलं. त्याने दोघींकडे पाहिलं, खाली मान घालून लिहून घेतलं. 

होळी
टाक आला. तळहातावर मावतात हे. चेहरा कुणाचाही असेल, पण टोपी तिरकी, अगदी ह्यांच्यासारखी.  उद्या रामकुंडात आंघोळ घातली की हे देवघरात बसले. मग पलटण काही म्हणो, घराने गेले म्हणून सांगून टाकलं. 

धुळवड
लाल फडक्यात नारळ आणि टाक. वीर घरच्या पुरुषाने नाचवायचा. पुरुषच नाही, म्हणून आईंनी माझ्या हातात दिला. हलगी वाजत होती, बाया पाया पडत होत्या. ह्यांच्या की माझ्या, कळेना. कुंडावर ही गर्दी. पायरीवर वाकले, फडक्यातून टाक काढून कमरेला खोचला आणि नुसता नारळ बुडवला.
"झाली का रे बाबा आंघोळ?" आई वरून नारळालाच विचारत होत्या. झाली, मी म्हटलं.
घरी टाक देवघरात. आईंनी पुढे पान वाढलं, आज पोटभर जेवल्याही. मला घास उतरला नाही. हे असतील तर मी राखलं. नसतील तर मीच त्यांना ओट्यावर उभं ठेवलंय.

रंगपंचमी
दुपारी पलटणीचा फोन. साहेब फार हळू बोलत होते. देवळाली कॅम्पहून दोघं जण उद्या घरी येतील. काय झालं विचारलं तर, "मिलकर बताएँगे, बहनजी." घरी कोण कोण असतं, तेवढं मात्र नीट विचारून घेतलं.
आई मळ्यात फुलं खुडतायत. त्यांना सांगितलं नाही. उद्या कपाळभर कुंकू लावून मीच दार उघडणार आहे.