छावणीच्या सर्व्हरवर अजून तुझी किल्ली

चितेगाव, मे २०१९

प्रिय अजिनाथ,

हे पत्र बिल्डरच्या ऑफिसात फोडू नकोस, खोलीवर नेऊन वाच. मंगळवारी आपल्या चारा छावणीच्या सर्व्हरनं मला आत घ्यायला नकार दिला. पासवर्डची सोय तूच बंद केली होतीस. ज्याच्या लॅपटॉपवर किल्लीची फाइल असेल त्यालाच प्रवेश. माझी फाइल जागेवर होती, तरी उत्तर एकच, परवानगी नाही. जनावरांचे फोटो चढवणाऱ्या आपल्या कडुबाच्या लॅपटॉपवरही तेच. जनावरांची आणि त्यांच्या मालकांची हजेरी सगळी त्या सर्व्हरवर, आणि हजेरी गेल्याशिवाय चाऱ्याचा ट्रक भरत नाहीत. दावणीला जनावरं हंबरत होती.

माझ्या डोक्यात पहिलं नाव तुझंच आलं. तुमची रस्त्यालगतची जमीन प्लॉटिंगला द्यायची म्हणून तू तुझ्या आईशी भांडलास, छावणीचं काम सोडलंस आणि चिकलठाण्याला नेमका त्याच बिल्डरकडे गेलास, ज्याचा छावणीच्या या मैदानावर डोळा आहे. सर्व्हरही तूच उभारलेला. छावणी बंद पडली तर कुणाचं भलं होईल, हे कळायला मला माझी बी.एस्सी. लागत नाही.

सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून, छावणी चालवणाऱ्या ट्रस्टच्या खात्यातून मी आत शिरले. त्या वाटेला किल्ली लागत नाही. किल्ल्या सगळ्या शाबूत होत्या, तुझीसुद्धा. मात्र प्रत्येकाचा फोल्डर कुणीही येऊन काहीही लिहावं असा सताड उघडा. अशा फोल्डरातली किल्ली सर्व्हर मानत नाही, न जाणो कुणी परकी घुसडली असेल. त्याचा हा स्वभाव मला पटला.

कडुबाला समोर बसवलं. म्हणाला, "ताई, फोटो टाकाया गेलं की ते परवानगीचं दर खेपंला आडवं येत व्हतं. म्या समद्यांचीच दारं खुली केली. मेंढरांच्या वाड्याला कुठं कुलूप असतंय?" मी म्हटलं, वाड्यावर कुत्री असतात. "ती तर हायतीच की," म्हणून वर हसला. मी एकेक फोल्डर पूर्ववत केला, हजेरी पाठवली, ट्रक दुपारी आला.

तरी माझं मन निवळलं नाही. सर्व्हरवरच्या नोंदी वाचल्या, तर त्या दिवशी तुझी किल्लीही पुन्हा पुन्हा दार ठोठावत होती. त्याआधी, काम सोडल्यापासून, ती रोज आत येऊन जात होती. चोर सापडला असंच मला वाटलं. तू सर्व्हरला दिलेल्या आज्ञा तुझ्या खात्यात तशाच राहिल्या आहेत, त्या वाचून काढल्या. तू काही नेलं नाहीस, काही पुसलं नाहीस. रोज त्या दिवसाच्या हजेरीत एकच नाव शोधलंस, बानाबाई. नाव सापडलं की बाहेर.

तुझी आई रोज हजर असते, ते खरं. पण तिचा गुडघा सुजलाय, हे हजेरीत येत नाही. ती जेवली का, हेही येत नाही. तिला मी यातलं काही बोललेले नाही. काम सोडलेल्या माणसाची किल्ली ठेवायची नसते, म्हणून रविवारी मी तुझी काढून टाकणार आहे. त्यानंतर आईची खबर हवी असेल तर तिला फोन करावा लागेल. तिनं नंबर बदललेला नाही.

तुझीच,
रत्नमालाताई